वाहत्या पाण्याची टाकी

"अरे, भिंत नको शोधू! जागेवरच पोह!" दत्तू काठावरून ओरडला, पण शेखर सवयीने वळला होताच. समोरच्या धारेने त्याला आडवं धरलं आणि टाकीच्या मागच्या टोकावर नेऊन आदळलं. जन्म विहिरीत पोहण्यात गेलेला. कडेकडेने गोल फिरायचं, एवढंच अंगाला ठाऊक. शोरूममधली मुलगी तोंड फिरवून हसली.

गंगापूर रोडवरच्या या शोरूममध्ये दत्तूने त्याला मुद्दाम आणलं होतं. टाकी घरात बसवायची; पंप पाणी अंगावर लोटतो आणि माणूस एका जागी पोहत राहतो. घ्यावी की नाही, ते शेखरने पोहून सांगायचं. तीस वर्षं सातपूरला पंप दुरुस्त करणारा, आणि गावातला पट्टीचा पोहणारा. त्याच्याहून योग्य माणूस कोण?

शेखर पुन्हा धारेसमोर आला. हातपाय लयीत पडू लागले. अहाहा, काय पाणी होतं! मोटर तर इतकी हळुवार चालत होती की कान द्यावा लागे. पण हे सुख कुणाला? तर दत्त्याला! लासलगावच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधूनही भोकाड पसरणाऱ्या दत्त्याला! कांद्याच्या व्यापारात बंगला झाला, गाडी झाली, होऊ दे बापडं. पण पाणी? पाणी तर आपलं होतं! दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, म्हणतात ते असं.

"बोल की, कशी हाय?" टॉवेल पुढे करत दत्तूने विचारलं.

"नको घेऊ."

"का रे?"

"मोटरचा आवाज बरोबर नाही. बेअरिंग वर्षभरात जाईल. उगाच पांढरा हत्ती पोसशील."

मोटरच्या बाबतीत तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला. मुलगी काही सांगायला पुढे आली, पण दत्तूने तिला हातानेच थांबवलं.

"राहू द्या ताई. हा नाय म्हणला म्हणजे नाय. मोटरमधलं याच्याइतकं कुणाला कळत नाय."

बाहेर गाडीपाशी दत्तू घुटमळला.

"हसू नको, शेखऱ्या. मला अजून पोहता येत नाय. तलावावर जायचं तर पोरंसोरं बघतात, लाज वाटते. म्हटलं, घरातच टाकी घ्यावी, दार लावावं, अन् तू शिकवशील. रोज सकाळी आलास तर चहा पण सोबत झाला असता."

'घे रे, मोटर झकास आहे,' हे शब्द शेखरच्या अगदी ओठांवर आले. पण मग मघाचं खोटंही कबूल करावं लागणार होतं. त्याने नुसतं गाडीचं दार उघडलं.

दत्तूने गाडीतून एक पिशवी काढली. आत पोहायची कोरी चड्डी होती. दुकानाचं लेबलही निघालं नव्हतं.

"ही तूच ठेव. नाडी हाय, आवळून घे. माझ्या काय कामाची आता?"

शेखरने ती दोन्ही हातांनी घेतली.