झाड म्हणावं की दांडा?

मी एक शब्द आहे, मित्रांनो, आणि इतका जुना आहे की माझं पहिलं नावही मला धड आठवत नाही. जाणकार अंदाजाने ‘बाउमाझ’ म्हणतात. उत्तरेच्या जंगलातले लोक झाडाकडे बोट दाखवून मला उच्चारत. पुढे ते पांगले. जर्मनीत मी ‘बाउम’ झालो आणि झाडच राहिलो. इंग्लंडात ‘बीम’ झालो, तर तिथे त्यांनी मला तुळई करून छपराखाली आडवं टाकलं. ही माझी मुलं म्हणायची की मीच? काही कळत नाही बुवा!

इथे हॉलंडात मी ‘बोम’. झाड म्हणजे बोम, आणि नाक्यावर वाट अडवणारा लाकडी दांडा म्हणजेही बोमच. दोन्हीकडे माझं कौतुक होई, म्हणून मीही मिरवत असे.

एकदा पुलावरचा जकात नाका बंद झाला. गावप्रमुख घोडागाडीतूनच ओरडले, “खेर्लोफ, पुलाजवळचा जुना बोम काढून टाक!” आणि निघून गेले.

खेर्लोफ सुतार करवत घेऊन थेट पुलाजवळच्या लिंडेनच्या झाडाशी गेला. ते झाड समोरच राहणाऱ्या फेना आजींच्या नवऱ्याने लग्नाच्या वेळी लावलेलं. तो समुद्रावर गेला तो परतलाच नाही. त्याची एवढीच खूण उरली होती. आजींनी खोडाला मिठीच मारली.

“आजी, बाजूला व्हा. हुकूम आहे.”

“हुकूम गेला खड्ड्यात! दांडा काढायला सांगितलाय, मेल्या!”

“जुना म्हणाले. दांडा तर परवाच रंगवलाय.”

“आणि पिऊन येताना रोज ज्यावर कपाळ आपटतोस, तो बोम नव्हे होय? आधी विचारून ये. मग माझ्यासकट काप!”

दोघांच्याही तोंडी मीच होतो आणि दोघांचंही बरोबर होतं. माझा जीव टांगणीला लागला.

खेर्लोफ विचारून आला तो मान खाली घालूनच. दांडाच काढायचा होता. संध्याकाळी त्याचे तुकडे चुलीसाठी घेऊन तो आजींच्या दारात आला आणि ओरडला, “आजी, बोम कापून आणलाय!”

आजी अनवाणीच बाहेर धावल्या. झाड जागेवर दिसलं, तशा मटकन खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या.

यात माझं काय चुकलं, ते मला अजून उमगलेलं नाही. पण मित्रांनो, मला असं एकटं पाठवू नका हो. सोबतीला एखादा शब्द द्या. ‘नाक्याचा बोम’ एवढं जरी खेर्लोफ म्हणाला असता, तरी आजी रडल्या नसत्या.