आत्याची खोली आणि माझा चोंदलेला घसा

मी एक जुने धुराडे आहे, आणि माझी पहिली तक्रार अशी की माझ्याकडे कुणी बघत नाही. मित्रांनो, थंडीच्या दिवसांत तुम्ही एखाद्या घरी गेलात की काय करता? तिथल्या लोखंडी शेगडीसमोर बसता, हात शेकता आणि म्हणता, "वा, काय छान ऊब आहे!" सगळे कौतुक तिचे. तिला पुसायचे, तिच्या दाराची काच चमकवायची, पाहुण्यांना दाखवायची. आणि तिचा सगळा धूर मुकाट गिळून जो आभाळात सोडतो, तो मी भिंतीत तोंड लपवून उभा. मला तिचा मत्सर वाटतो का? वाटतो. खोटे कशाला बोलू?

मला बांधले एका बुटक्या गवंड्याने. तो भारी चिकित्सक होता. वरून ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि मी बोटभर जरी कललो असलो तरी विटांच्या तीन ओळी पाडून पुन्हा रचायचा. घराचे मालक वैतागून म्हणाले, "अहो, धुराडंच आहे ना ते? कुणाला दाखवायचंय?" त्यावर गवंडी म्हणाला, "धुराला दाखवायचंय." काम संपले त्या दिवशी त्याने खाली कागद पेटवला आणि धावत रस्त्यावर गेला. माझ्या डोक्यातून धुराची पहिली सरळ रेघ निघाली, तेव्हा तो एकटाच टाळ्या वाजवत होता. माझ्या आयुष्यातल्या त्या पहिल्या टाळ्या.

घर होते शिंप्याचे. गल्लीच्या टोकाला त्यांचे दुकान होते आणि घरातली शेगडीची खोली म्हणजे हातशिलाईची खोली. त्या शिंप्याला सगळे थोरले मास्तर म्हणत. कपडा मापात बसला पाहिजे, तसे घरातले प्रत्येक काम मापात झाले पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. लाकडे एक वर्ष आधी आणून पडवीत रचायची, असा नियम. जाळण्याआधी ते दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघत. टणटण आवाज आला तर लाकूड सुके. ठप्प आवाज आला तर परत पडवीत. राख काढायची ती लोखंडी डब्यात, झाकण घट्ट लावायचे आणि डबा घराबाहेर ठेवायचा, कारण राखेत निखारा किती वेळ जागा राहील याचा नेम नसतो. आणि दरवर्षी थंडी सुरू होण्याआधी काजळीवाला यायचा. तो छपरावर चढून लांब काठीचा ब्रश माझ्या घशात घालायचा आणि मला अशा काही गुदगुल्या व्हायच्या की विचारू नका. काजळीचा ढीग खाली पडला की थोरले मास्तर वाकून माझ्यात डोकावायचे. वर आभाळाचा चौकोन दिसला की म्हणायचे, "झालं. आता पेटवा."

त्यांना दोन मुले होती. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. मुलगी तुरपाई करायला बसली की टाका कुठे आहे ते शोधून सापडत नसे. तिने लग्न केले नाही. "मला एका जागी बसून टाके घालायला आवडतं, संसारात फार पळापळ असते," असे ती हसत सांगायची. पुढे थोरले मास्तर गेले. मुलगा धाकटे मास्तर झाला, त्याला बायको आली, मुलगी झाली. त्या मुलीची आत्या ती सगळ्या गल्लीचीच आत्या झाली. दुकानातले प्रत्येक काज, प्रत्येक बटण, कोटाची प्रत्येक कॉलर आत्याच्या हातून जायची. सकाळी ती शेगडीजवळ खुर्ची ओढून बसायची ती संध्याकाळपर्यंत.

धाकटे मास्तर माणूस चांगला, पण जरा चालढकल करणारा. म्हातारा काजळीवाला काम सोडून घरी बसला, तेव्हा दुसरा शोधायला हवा होता. मास्तर म्हणाले, "बघू पुढच्या आठवड्यात." गिऱ्हाइकांना द्यायचे तशीच तारीख त्यांनी मलाही दिली. गिऱ्हाइके निदान दुकानात येऊन भांडतात तरी. मी कुठे जाणार? असे चार हिवाळे गेले.

वर त्यांनी आणखी एक युक्ती काढली. दुकानात कापडाच्या कतरणांचे ढीग पडायचे. ते फेकायचे कशाला, म्हणून शेगडीत. नायलॉन, अस्तर, खांद्यात घालायचा फोम, सगळे शेगडीत! शेगडीने एकदाही नाक मुरडले नाही. तिला काय, ती खाऊन मोकळी. तो चिकट, काळा धूर माझ्या घशाला डांबरासारखा चिकटत होता. लाकडेही आता आठवड्याच्या आठवड्याला यायची, ओलीच. सकाळी दुकानात जाताना मास्तर एक जाड ओंडका आत ठेवायचे आणि शेगडीची हवेची झडप जवळजवळ बंद करायचे. दिवसभर पुरले पाहिजे ना! मग तो ओंडका ना धड जळायचा, ना विझायचा. नुसता धुमसत राहायचा.

एवढ्यावरही मी कसेबसे निभावले असते. पण त्या वर्षी थंडी फार पडली. खिडक्यांच्या फटींतून वारा यायचा आणि आत्याची बोटे गारठायची. मग या घराने असे काही केले, जे फक्त शिंप्याचे घरच करू शकते. आत्याने जुन्या कोटांच्या कापडात कापूस भरून लांब लांब पट्ट्या शिवल्या. दारासाठी, दोन्ही खिडक्यांसाठी, अगदी मापात. कोपऱ्यात इतक्या चपखल बसवल्या की मेणबत्ती धरली तरी ज्योत हलेना. शेजारणी बघायला आल्या आणि तोंडात बोटे घालून गेल्या. "वन्सं, असं काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाही," मास्तरांची बायको म्हणाली. खरेच होते. खोलीत आता वारा शिरायला सुईएवढीही जागा उरली नव्हती.

मित्रांनो, धूर वर जायचा असेल तर खालून हवा आत यावी लागते. इतके साधे आहे ते. इथे माझा घसा चोंदलेला आणि खोलीची खिडकी शिवलेली. थोडा धूर खोलीत उतरायचा, तो डोळ्यांना तरी झोंबतो, दिसतो. पण धुमसत्या लाकडातून आणखी एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो गुपचूप खोलीत साचतो आणि माणसाच्या अंगात विष भिनवतो. संध्याकाळी आग विझवली जायची आणि सगळे मागच्या खोलीत झोपायचे, म्हणून बाकीचे वाचत होते. दिवसभर त्या खोलीत एकटी बसायची ती आत्या.

आधी तिचे डोके दुखू लागले. मग चक्कर. मग सुईत दोरा ओवायला तिला चार-चार वेळा प्रयत्न करावा लागे. सुट्टीच्या दिवशी घरातली सगळीच शेगडीभोवती बसली की सगळ्यांचीच डोकी जड व्हायची. पण ते म्हणायचे, "आठवडाभराचा शीण आहे." मी वरून ऐकत होतो आणि माझा जीव टांगणीला लागला होता. माझ्यामुळे, माझ्या चोंदलेल्या घशामुळे, ज्या बाईला मी लहानपणापासून ऊब दिली तिला विष मिळत होते. मला ओरडायचे होते. धुराड्याला ओरडता येत नाही.

एके दिवशी एका गिऱ्हाइकाने नवाकोरा कोट परत आणला. कॉलर एका बाजूला उचललेली, टाके वेडेवाकडे. त्या दिवशी दुपारी मास्तर दुकान सोडून घरी आले आणि आत्याच्या शेजारी बसले.

"ताई, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"वय झालं म्हणाले. अजून काय म्हणणार?"

"मग आता पुरे कर ना. दुकानात एक मुलगी ठेवतो हातशिलाईला. तू आराम कर."

सुया खोचलेली छोटी गादी आत्याने हळूच त्यांच्या हातात दिली. मग म्हणाली, "मग मी दिवसभर करू काय रे?"

"शेगडीजवळ बस छान उबेला," मास्तर म्हणाले, आणि तिची खुर्ची त्यांनी आणखी दोन हात पुढे सरकवली.

मला रडू येत असते तर मी रडलो असतो. प्रेमापोटी त्यांनी तिला नेमके तिथे बसवले, जिथे तिने क्षणभरही बसायला नको होते. आता तिला दुसरे कामच नव्हते. ती बसायची, पेंगायची, जागी झाली की कपाळ दाबायची. तिचे हात मांडीवर रिकामे पडलेले असत, तेवढे मला बघवत नसे.

मग मी ठरवले की मला जेवढे येते तेवढे करायचे. मला येते काय? खोकणे! आमच्या समोर एक लाँड्रीवाला राहतो. त्याच्या गच्चीवर पांढऱ्या शुभ्र चादरी वाळत असतात. वारा त्याच्या बाजूने वळला की मी घशातली सुटी झालेली काजळी जीव खाऊन बाहेर फेकायचो. काळे, तेलकट तुकडे, थेट चादरींवर. पहिल्या दिवशी त्याने झटकले. दुसऱ्या दिवशी शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी तो चादर खांद्यावर टाकून आमच्या दारात उभा राहिला.

"मास्तर, ही बघा नक्षी! तुमच्या धुराड्यानं काढलीय. तीनदा धुतली, जात नाही."

"बघतो, पुढच्या आठवड्यात—"

"तुमचा पुढचा आठवडा मला माहितीय! माझी पँट तुमच्याकडे तीन महिने पडलीय. मी उद्याच काजळीवालीला घेऊन येतो."

आणि खरेच तो घेऊन आला. जुन्या काजळीवाल्याचीच मुलगी होती ती. वडिलांचे ब्रश, वडिलांची शिडी, पण तोंडावर मुखपट्टी आणि डोक्याला दिवा. तिने छपरावर चढून माझ्यात उजेड टाकला आणि शीळ घातली.

"मास्तर, अहो, केवढी जाड काजळी आहे ही! कोटाला अस्तर लावावं तशी आतून लागलीय. ही पेटली असती ना, तर छप्पर गेलं असतं."

दोन तास ती मला खरवडत होती. खाली दोन घमेली काजळी पडली. मला वाटले, सुटलो. पण ती खाली खोलीत आली आणि दारातच थबकली. नजर खिडकीवरच्या पट्ट्यांवर गेली. तिने दार लावून शेगडीत कागदाचा बोळा पेटवला. माझा घसा आता मोकळा होता, तरीही धूर क्षणभर घुटमळला आणि शेगडीच्या दारातून खोलीत आला. मग तिने खिडकीची पट्टी कोपऱ्यातून दोन बोटे सोडवली. धूर वळला आणि सरळ माझ्यात शिरला.

काजळीवाली आत्याकडे वळली.

"आत्या, डोकं किती दिवस दुखतंय?"

"तुला गं कुणी सांगितलं?"

"घराबाहेर गेलात की थांबतं का?"

आत्या विचार करू लागली. "डॉक्टरकडे चालत गेले होते. तिथं पोचेपर्यंत थांबलंच होतं. मला वाटलं, उगाच आले. घरी आले आणि पुन्हा सुरू."

"मग ते वय नव्हे," काजळीवाली म्हणाली. "ही खोली आहे."

तिने दारे-खिडक्या सताड उघडल्या, शेगडीतला कागद विझवला आणि मास्तरांना बजावले की आत्याला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या आणि धुमसत्या लाकडाचा विषारी वायू अंगात गेलाय असे सांगा, नुसते डोके दुखते म्हणू नका. कतरणे शेगडीत घालायची नाहीत, ओले लाकूड नाही, झडप गच्च बंद करून जायचे नाही. आणि बाजारात एक छोटे यंत्र मिळते, हा वायू साचला की ते जोरात वाजते, ते आजच आणून भिंतीवर लावा. मास्तर मान खाली घालून सगळे ऐकत होते. मग ते आत्याकडे वळले.

"ताई, मी तुला म्हातारी करून बसवलं."

आत्याने खिडकीकडे बघितले आणि तिला हसू फुटले. "अरे, पट्ट्या मी शिवल्या. इतकं चांगलं शिवायला नको होतं मी!"

त्या पट्ट्या तिने दुसऱ्या कुणाला काढू दिल्या नाहीत. दवाखान्यातून आल्यावर, थोडे दिवस मोकळ्या हवेत काढल्यावर, तिने स्वतःच्या हाताने एकेक टाका उसवला. कामही काय होते! उसवायलाच पूर्ण सकाळ गेली. एक खिडकी आता आग पेटलेली असताना नेहमी जरा किलकिली असते. खोली पूर्वीइतकी ऊबदार राहत नाही, म्हणून आत्या अंगावर एक शाल जास्त घेते.

दोन आठवड्यांनी तिने मास्तरांकडे तो परत आलेला कोट मागितला. कॉलर पूर्ण उसवली आणि पुन्हा लावली. गिऱ्हाईक घरीच आले, त्याने कॉलर उलटी करून बघितली, उजेडात धरून बघितली. "टाका कुठाय?" त्याने विचारले. मास्तरांनी नुसते आत्याकडे बोट केले. दुकानातली नवी मुलगी आता रोज दुपारी आत्याकडे तुरपाई शिकायला येते.

मित्रांनो, मी अजूनही शेगडीचा मत्सर करतो, ते काही सुटत नाही. तिचे कौतुक खुशाल करा. माझे नका करू, मला पुसू नका, पाहुण्यांना दाखवू नका. फक्त वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी, जाणत्या माणसाकडून माझा घसा साफ करून घ्या आणि मला थोडी हवा द्या. आणि तुमच्या घरात आगीजवळ बसणारे कुणी थकल्यासारखे दिसले, त्याचे डोके दुखू लागले, त्याच्या हातून काम चुकू लागले, तर त्याला आधी बाहेर मोकळ्या हवेत न्या. त्याचे वय मोजायच्या आधी, एकदा मान वर करून माझ्याकडे बघा.