पांढऱ्या कापडाची चाचणी

आबांचा सदरा शेवटच्या पिंपात गेला, झाकणावर लोखंडी पट्टी आवळली गेली, आणि काशीगावच्या बाजूची ती बंद पडलेली रंगाची कंपनी कागदोपत्री स्वच्छ झाली.

असं काहीही झालेलं नाही, असं धरून चालू.

तर – कापडाचा तुकडा. हातरुमालापेक्षा लहान, मांजरपाटाचा, ओला, लोकेशच्या दोन बोटांत लोंबणारा. चाचणी सोपी होती: रंग मुरलेली माती खरवडून पिंपात भरायची, उघड्या पडलेल्या जमिनीवर ओलं कापड दाबायचं, एक विडी ओढून होईपर्यंत थांबायचं – आवारात विडीला सक्त मनाई असल्यामुळे ती ओढली असं समजून थांबायचं – आणि उचलायचं. गुलाबी निघालं तर आणखी खणायचं. पांढरं निघालं तर जमीन पास. गेला सगळा उन्हाळा लोकेश जमिनीला पास-नापास करत होता, आणि या विषयात त्याच्याइतका कडक मास्तर उभ्या मीरा रोडमध्ये नसेल… शाळेत तो स्वतः दोनदा बसला होता, ते वेगळं.

हा तुकडा पांढरा निघाला. शेवटचा कोपरा, जिथे पूर्वी कामगारांची हात धुवायची मोरी होती.

"पास हाय का न्हाय?" धर्माजीने पिंपाला टेकून विचारलं. तो काशीगावचाच, कंपनी चालू असताना आबांच्या, म्हणजे लोकेशच्या वडिलांच्या, पाळीत होता, आता कंपनी उपसायलाही होता. "पिंपं न्यायला गारी येल आता."

"पांढरं आहे."

"मंग त्वांड कला पाडलंस?"

लोकेशने तोंड नीट केलं. पायाशी रेक्झिनची पिशवी होती, पिशवीत डबा, आणि डब्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला आबांचा पांढरा सदरा. सकाळी आई नळावर गेली तेव्हा त्याने ट्रंकेतून काढला होता. शोधावाही लागला नाही, सगळ्यात वर होता. चोरी इतकी सोपी असेल तर लोक नोकऱ्या का करतात, असंही एकदा मनात येऊन गेलं.

चोरीचं कारण बायकोच्या, पंचशीलाच्या, पोटात होतं. तिला नववा लागल्यावर आईने, वैजयंताबाईंनी, जाहीर केलं की बाळाला पहिल्यांदा गुंडाळायचं ते आजोबाच्या सदऱ्यातच. कापड जुनं, मऊ, अंगाचं. "नव्या कापडात गुंडाळायला ते काय दुकानातलं भांडं आहे व्हय?" वैजयंताबाईंनी सुनेला विचारलं, आणि सुनेने रात्रीऐवजी भर दुपारी, भाजी निवडता निवडता, नवऱ्याला सांगितलं, "अहो, तुम्ही बोला ना आईंशी. तुम्ही रोज तीच माती तोंडाला फडकं बांधून उचलता, आणि इथे…" लोकेश म्हणाला, साहेबांना विचारतो. म्हणजे बाळाचं दुपटं साहेबांच्या अखत्यारीत येत असल्यासारखं. पण आईला काय सांगणार – तुझ्या नवऱ्याचा घाम घातक मालात मोडतो?

आणि मोडत होताच. आबांचा घाम गुलाबी होता. ही काही उपमा नव्हे. अंगावरून पाणी घेतलं की मोरीतून गुलाबी जायचं, उशीचा अभ्रा गुलाबी, कानातला मळसुद्धा. आणि बुद्धपौर्णिमेला कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आबा विहारात बसले की त्रिशरण होईपर्यंत सगळं ठीक असायचं, पंचशील सुरू झालं की काखा रंगायला लागायच्या… सगळं विहार पांढरं, आणि मध्ये आबा, हळूहळू फुलणारे. मागून कुणीतरी कुजबुजायचं, "बापूराव, रंगपंचमी झाली की हो कधीच." आबा मान न वळवता म्हणायचे, "सगळेच घामाचा पगार घेतात. माझा दिसतो, एवढंच." मी – म्हणजे लोकेशच – शेजारी बसून हसू दाबायचो, आणि आबांचं कोपर माझ्या बरगडीत, आणि समोर डोळे मिटून भन्तेजी… तेही हसू दाबतायत असं मला वाटायचं. अजून वाटतं.

घरात सगळं गुलाबी चालायचं, म्हणून पुढे आबांना लघवी लाल व्हायला लागली तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. रंगच तो. आई म्हणाली, निघतोय तर निघू दे. आबा खुशीत होते. म्हणाले, कंपनी आतून सोडायला लागली मला. पाणी भरपूर प्यायले. रंग निघतच राहिला… आणि तो रंग नव्हता, हे मोठ्या इस्पितळात कळलं तेव्हा आबांनी डॉक्टरांना इतकंच विचारलं, "नक्की ना? कारण आमच्याकडे फरक कळत नाही."

"लोकेश, काही राहिलं नाही ना?" अभिनवसाहेब आले. ते ठेकेदाराचे इंजिनियर, वयाने लोकेशएवढेच. त्यांच्या कमरेला पेजर होता, तो दिवसभर वाजायचा आणि उलटा फोन करायला त्यांना काशीमिऱ्याच्या नाक्यापर्यंत जावं लागायचं, त्यामुळे ते कायम कुठून तरी परत येत असत. मागे खाडीकडचा एक बगळा आवारातल्या डबक्यात उतरून गुलाबी झाला होता. साहेबांनी फ्लेमिंगो म्हणून त्याचा फोटो काढून घरी लावला. वाईट माणूस नव्हे.

"थोडं कापड आहे, साहेब."

"टाक ना मग. चाचणीची कापडं पण पिंपातच जातात."

आणि पेजर वाजला, साहेब गेले.

लोकेशने वर्तमानपत्र सोडलं. पुढून सदरा होता तसाच: बटणं, खिसा, काखांत दोन फिकट गुलाबी चंद्र. त्याने तो झटकून समोर धरला, आणि सदऱ्यातून धर्माजी दिसला.

"फाटलाय का र?"

फाटला नव्हता. पाठ कापून नेली होती. कात्रीने, सरळ, काखेच्या गुलाबीला वळसा घालून, चांगला मोठा चौकोन. जे पांढरं होतं तेवढं आईने काढून घेतलं होतं आणि उरलेलं घडी घालून ट्रंकेत सगळ्यात वर… माझ्यासाठी. म्हणजे तिला माहीत होतं. सगळंच माहीत होतं, आणि तिने आपल्यापुरती सदऱ्यातली पांढरी जागा पासही करून टाकली होती. मास्तरच्या आधी मास्तरीण.

लोकेशला हसू आलं, आबांचं कोपर लागावं तसं. मग ते हसू मध्येच थांबलं.

कारण साहेब पहिल्या दिवशी म्हणाले होते, रंग शेवटी येतो. ज्यापासून रंग करतात ती भुकटी पिठासारखी पांढरी, आणि वाईट ती असते, कापडावर ती दिसत नाही. तिची तपासणी लॅबमध्ये. लॅबला वेळ लागतो. म्हणून कापड. तेव्हा लोकेशने मान डोलावली होती, आणि सगळा उन्हाळा पांढऱ्यावर पांढरं शोधून पांढरं सापडलं म्हणून पास, पास, पास म्हणत आला होता… पायाखालची ही मोरी पास. आईच्या हातातला तो चौकोन पास. आज रात्री ती त्याला दुपट्यासारखी शिवण घालेल, उद्या पंचशीला त्याचा वास घेऊन बघेल, आणि वास येईल तो फक्त साबणाचा. आणि जरासा आबांचा, तो घरातल्यांनाच कळणारा.

"टाकतंस का धरून बसतंस?" धर्माजी झाकण घेऊन उभा होता. सदऱ्याकडे त्याने नीट पाहिलं, मग लोकेशकडे. "बापूचा का?"

"हं."

"मंग बस. गारीला टायम हाय."

लोकेश उलट्या बादलीवर बसला. सदरा मांडीवर, पाठ नसलेला. फाटकाबाहेर बिल्डरची पाटी लागली होती, तिच्यावर झाडं काढली होती, हिरवी, बरीच. घरी जाऊन आईच्या हातून ते चौकोनी कापड मागायचं म्हणजे आबांना दुसऱ्यांदा… शब्द सापडेना. आणि न मागायचं म्हणजे त्यालाही शब्द सापडेना. तेव्हा लोकेशने मनातल्या मनात, साहेबांच्या भाषेत, कुणाला ते न ठरवता, मजकूर जुळवायला घेतला –

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, उक्त सदऱ्यातील, तसेच घरी असलेल्या त्याच्या पाठीतील, विष तेवढे वेगळे काढून पिंपात भरण्यात यावे. आणि त्यात आढळून येणारा इसम नामे बापूराव, मयत, यास निर्दोष ठरवून, नातवंड येण्यापूर्वी, धुऊन, वाळवून, घरपोच करण्यात यावे.