शिंप्याच्या पायातला मज्जातंतू

मित्रांनो, मी एक जुना मज्जातंतू आहे. एका शिंप्याच्या उजव्या पायात राहतो. डोक्याचा हुकूम पावलापर्यंत पोहोचवायचा, एवढेच माझे काम. माझ्या अंगावर पातळ आवरण असते, म्हणून हुकूम सुसाट जातो. पंचेचाळीस वर्षांत मी एकही हुकूम वाटेत अडकू दिला नाही. कौतुक मात्र शिलाई मशीनचे व्हायचे.

गेल्या महिन्यात शिंप्याला विषाणूचा ताप आला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या घरचेच पहारेकरी. त्या तुटून पडल्या आणि ताप चार दिवसांत पळाला. मीही मनातून शाबासकी दिली. पण विषाणूच्या अंगावरची खूण माझ्या आवरणासारखीच असावी, कारण त्या पेशींनी पुढची धाड माझ्यावर घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी! आवरण सोलले जात होते आणि तक्रार करणार कोणाकडे? आपलेच दात, आपलेच ओठ.

शिंप्याच्या तळव्यांना मुंग्या आल्या. मशीनचे पायडल जड लागू लागले. हा शहाणा म्हणाला, "पट्टा ताठरलाय." त्याने तेल घातले, पट्टा बदलला. तिसऱ्या दिवशी मशीनवाल्या मिस्त्रीला बोलावले. मिस्त्रीच्या पायाखाली मशीन भराभर चालले.

"मशीन ठणठणीत आहे. तुमचा पाय दाखवा कुणाला तरी."

"हातातले शर्ट संपवतो. परवा जातो."

परवा त्याला उठताच आले नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय हलला नाही.

"तापाशी लढणाऱ्या पेशी नसांवर उलटल्यात," त्या शिंप्याच्या बायकोला म्हणाल्या. "औषध सुरू केलंय. बहुतेक जण सुधारतात, पण वेळ लागतो. आत्ता काळजी श्वासाची आहे."

छातीतल्या माझ्या भावंडांवरही धाड पडली होती. आता श्वास यंत्र घेते.

बायको रोज पायाशी बसते. "अहो, अंगठा हलवा ना. एवढासाच." तो ऐकतो. डोक्यातून हुकूम निघतो, कमरेवरून गुडघ्यापर्यंत येतो. तिथे माझे अंग उघडे पडले आहे, तिथेच तो विझतो. तिला वाटते, यांनी धीर सोडला. नाही हो, तो दिवसभर प्रयत्न करतोय. हे तिला सांगता येत नाही, म्हणून माझा जीव तळमळतो.

मित्रांनो, तापानंतर पायांना मुंग्या आल्या, जिना चढताना पाय जड झाले, तर त्याच दिवशी घरी सांगा. परवावर टाकू नका. आणि असा माणूस निपचित दिसला, तर त्याने हात टेकले असे समजू नका.

ती आत्ताच पुन्हा म्हणाली, "अहो, हलवा ना."

हुकूम निघाला आहे.