दादांच्या टेबलावरचा थेट फोन

मी थेट फोन बोलतोय. माझ्यावर आकडे नव्हते. रिसीव्हर उचलला की शेजारच्या छोट्या देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या टेबलावर घंटा वाजायची, बस्स.

मला बसवून घेतलं आमच्या परराष्ट्रमंत्र्यांनी. सगळे त्यांना दादा म्हणत. माणूस मनाचा स्वच्छ. "भीती काढा, शस्त्रं आपोआप जातील," असं ते चहा ढवळत सांगायचे. सांगता सांगता चहा गार व्हायचा. पलीकडच्या परराष्ट्रमंत्री एक बाई होत्या. दादा त्यांना ताई म्हणत.

"ताई, खिंडीतल्या तोफा हलवा. तुमच्या पलीकडच्या त्या बड्या शेजाऱ्याला त्याच खुपतात. तुम्ही मागे सरलात की जग तुमच्या पाठीशी उभं राहील."

"जगाचं जाऊ द्या, दादा. तुम्ही राहाल?"

"माझा शब्द आहे."

ताईंनी घरच्यांच्या शिव्या खाऊन तोफा हलवल्या. दादांचा फोटो पेपरात आला, माझ्यासकट.

त्याच हिवाळ्यात बड्या शेजाऱ्याचे रणगाडे रिकाम्या खिंडीतून आत शिरले. मी वाजलो. दादांनी लगेच उचललं.

"दादा, विमानं पाठवा. निदान पूल वाचवा, माणसं त्यावरून बाहेर पडतायत."

"ताई, आम्ही तीव्र निषेध नोंदवलाय. ठरावही आणतोय."

"ठराव काय पांघरू?"

"आयुष्यभर मी युद्धाविरुद्ध बोललो. आता मीच विमानं पाठवू? तत्त्वात बसत नाही हो."

पलीकडे नुसता गोंगाट. मग ताई हळू म्हणाल्या, "माझी सून पोरांना घेऊन पुलावर आहे, दादा."

दादांचे डोळे भरून आले. खरे अश्रू होते, माझ्यावरच पडले. त्यांनी मला जपून खाली ठेवलं आणि चिटणिसाला म्हणाले, "निषेधात 'अत्यंत' शब्द घाला."

मी पुन्हा वाजलो. दादा मसुदा सुधारत होते. "आवाज कमी करा त्याचा," ते मान वर न करता म्हणाले. चिटणिसाने माझ्या पोटाखालची कळ फिरवली. मी आतल्या आत थरथरत राहिलो. मग तेही थांबलं.

पूल पडला. तो देश आता नकाशात नाही. ताईंचं काय झालं, ते मला कोण सांगणार?

दादांना शांततेचं पारितोषिक मिळालं. त्यांच्या नावाच्या संस्थेत मी काचेच्या पेटीत असतो. दादा थकलेत, तरी येतात आणि विद्यार्थ्यांना सांगतात, "शेवटपर्यंत आम्ही संवाद तोडला नाही."

परवा एका मुलीने विचारलं, "शेवटी काय बोलणं झालं, सर?"

दादांनी आठवून पाहिलं. त्यांना खरंच आठवेना. "प्रेमाचंच," ते म्हणाले. मुलीने लिहून घेतलं.

पोरी, स्वच्छ मनाच्या माणसाने शब्द दिला, तरी खिंडीतल्या तोफा हलवू नकोस. एवढंच सांगायचं होतं. पण काच जाड आहे.