सात पाण्यांची हंडी

मित्रांनो, मी एक जुनी मातीची हंडी आहे, आणि पोटातून इतकी काळी, की तुम्ही नाक मुरडाल. मुरडा खुशाल!

आंबवड्याच्या गेनू कुंभारानं मला घडवलं, तेव्हा भोर संस्थानचं राज्य होतं. राजगडाखाली पालीत सोजराबाईंच्या चुलीवर मी चढले. चैत्रात कणगीतली नाचणी संपली, की त्या रानात जात. झुडपांवर माजलेल्या खाजकुयलीच्या शेंगा हाताला फडकं गुंडाळून तोडत, विस्तवावर त्यांची खाजरी लव जाळत आणि आतल्या बिया माझ्यात शिजवत.

एका वर्षी भोंगवलीची रतनबाई सून होऊन आली. घरात जावेची तीन पोरं भुकेली, नाचणी मूठभरसुद्धा नाही. सोजराबाई वरच्या वाडीत बाळंतिणीकडे निघाल्या. जाता जाता ओरडल्या, "बियांची सात पाणी काढ गं, इसरू नगं!"

रतनबाईनं बिया सातदा धुतल्या आणि एकदाच शिजवल्या! माझ्या काळजाचं पाणी झालं. अहो, सातदा उकळायचं, दर वेळी पाणी ओतून टाकायचं. नाहीतर वांत्या होतात, डोकं गरगरतं. पण हंडीला तोंड असून बोलता कुठं येतं? रतनबाई मात्र खूष. मसाल्यावाचून आमटीला कसा काळा रंग आला!

पोरं पानं मांडून बसली, तेवढ्यात सोजराबाई आल्या.

"काळं पाणी कुठं वतलंस गं?"

"काळं? न्हाई आत्याबाई! साती पाणी नितळ, आरशावानी!"

"पोरांनो, हात मागं!" सोजराबाईंनी पानंच उचलली.

रतनबाईचे डोळे भरले. "म्या तर सातदा धुतलं..."

सोजराबाईंनी माझ्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "चुकी माजी. आमच्यात पाणी म्हंजे उकळी, तुमच्यात पाणी म्हंजे पाणी. बस हितं."

बिया पुन्हा माझ्यात घालून दोघी चुलीपाशी बसल्या. पोरं कच्ची करवंदं चघळत, "कितवं झालं?" म्हणून जीव खात होती. दिवस कलला तेव्हा सातवं पाणी ओतलं. पहिली बी सोजराबाईंनी स्वतः चावली, दुसरी सुनेच्या हातावर ठेवली. मग मीठ-मिरची लावून पोरांनी मला तळापर्यंत पुसलं!

आता माझी कड फुटलीय, मी सांदीत पडून असते. मित्रांनो, जुनी भांडी जपा, हे तर मी सांगणारच. पण घरात नवं माणूस आलं, तर त्याला नुसता हुकूम देऊ नका. शेजारी बसा, आणि एक तरी पाणी त्याच्यासोबत ओता.