चोवीस कीरातांची म्हैस

मित्रांनो, मी एक म्हातारी म्हैस आहे. नाईलकाठी, सोहागजवळच्या एका गावात माझा सगळा जन्म गेला. दात झिजले, दूध आटलं, तरी मला कुणी कसायाला दिलेलं नाही. ते का, तेवढं सांगते.

मी पहिल्या वेताची असताना शफीकाने मला मंगळवारच्या बाजारातून आणलं. नवरा वारलेला, पदरात सबाह नावाची मुलगी. अंडी विकून ती चार वर्षं पोस्टात पैसे टाकत होती, त्यातून मी आले. विधवा म्हणून सरकारकडून तिला महिन्याची मदत मिळायची. पण नियम असा, की ज्याच्या घरी जनावर, त्याची मदत बंद. म्हणजे गरिबाने गरीबच राहावं, मग सरकार सांभाळील! शफीकाने मग काय केलं, मला थोरल्या दिराच्या, मितवल्लीच्या गोठ्यात बांधलं आणि गावभर सांगितलं, की म्हैस त्याची.

त्या गोठ्यात मी तीन वर्षं काढली. चारा शफीकाचा, शेण मितवल्लीच्या शेतात. ती भल्या पहाटे यायची, दूध काढून लगबगीने निघून जायची. माझं नाव तिने बरका ठेवलं होतं, पण ते कानाशी येऊन पुटपुटायची. स्वतःच्याच म्हशीपाशी बाई चोरासारखी वावरायची. मला त्याचं फार दुःख झालं असं म्हणणार नाही. वेळेवर चारा मिळाला की म्हशीला पुरे. पण ते बरं दिसत नव्हतं.

आमच्याकडे जनावराची मालकी चोवीस कीरातांत वाटतात. पहिल्या वर्षी मितवल्लीने गोठ्याच्या बदल्यात चार कीरात मागितले, दुसऱ्या वर्षी बारा. शफीका गप्प राहिली. तोच होकार असं त्याने धरून टाकलं. माणूस वाईट नव्हता हो! तीन वर्षं 'माझी म्हैस' म्हणता म्हणता त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. मग त्याच्या मुलाचं, फरगचं लग्न ठरलं आणि त्याने दलाल बोलावला.

दलाल माझे दात बघत होता, तेवढ्यात मदत-कचेरीतल्या इनासबाई पाहणीची वही घेऊन आल्या. म्हैस कुणाची, असं त्यांनी विचारलं. मितवल्ली हसला.

"हिलाच विचारा की. सांग उम्म सबाह, कुणाची म्हैस?"

सबाहची आई चाऱ्याचा भारा घेऊन दारात उभी होती. माझी म्हटलं तर मदत जाणार, आणि सबाहची शाळा त्या मदतीवर चाललेली. नाही म्हटलं तर मी जाणार. तिने भारा खाली ठेवला.

"माझी."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का? मदत बंद होईल," मितवल्ली म्हणाला. त्याला तिची काळजीही होती, खोटं कशाला बोलू.

"होऊ दे, अबू फरग. घरात कोंबड्या असून चार वर्षं पोरीला अंडं दिलं नाही मी. सगळी विकली, हिच्यासाठी."

"तुमचे कीरात किती?" इनासबाईंनी विचारलं.

"चोवीसच्या चोवीस."

मितवल्लीने मान खाली घातली. बाईंनी लिहून घेतलं आणि सहज म्हणाल्या, "एक दुभतं जनावर आता मोजत नाहीत. नियम बदलून आठ महिने झाले. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? शफीका मटकन खाली बसली आणि रडायला लागली. दलाल दोर सोडून चहा प्यायला निघून गेला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी नियम करणार असेल, तर एवढं करा. नियम ज्याच्यासाठी बदलला, त्याच्या दारात जाऊन सांगा. शफीका आठ महिने उगीच पहाटे उठली.

त्याच दिवशी तिने मला आपल्या दारात आणून बांधलं. दुपारी ती बादली घेऊन बाहेर आली आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली, "बरका!" मी वळलेच नाही. एवढ्या मोठ्याने ते नाव मी कधी ऐकलंच नव्हतं.